हुकमी पान हाती का येत नाही?

समजा, अंबाजोगाईत तुमच्या शाळेत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ची स्पर्धा भरली आहे. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाचा हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. यात पत्त्यांचा जोड ज्याचा त्याने जमवायचा. नेहमीच्या प्रकारात पाने किमान ६०. जमिनीची मूळ पाने सोडली तर एका नावाची फार तर ४. सुरुवातीला हाती ७ पाने.

तुम्ही आवडत्या पानाच्या ४ प्रती घातल्यात. निदान एक तरी सुरुवातीला हाती येण्याचा संभव किती? पुष्कळ जण ४/६० ला ७ ने गुणून ४७ टक्के सांगतात. इथेच फसगत होते! ज्या हातात दोन प्रती येतात, तो हात या हिशेबात दोनदा मोजला जातो.

म्हणून उलट्या बाजूने चला. पहिले पान दुसरेच निघण्याचा संभव ५६/६०, दुसरेही तसेच निघण्याचा ५५/५९, असे सातव्यापर्यंत, म्हणजे ५०/५४. सातही अपूर्णांक गुणा. उत्तर सुमारे ०.६०. म्हणजे पान येण्याचा संभव ४० टक्केच! (हात बदलून घेण्याची मुभा असते, ती इथे धरलेली नाही.)

तेव्हा एका डावात हरलेला कच्चाच असतो असे नाही. म्हणूनच सामना बहुधा तीन डावांचा ठेवतात. तरी तिन्ही डाव झाले, तर एकदाही ते पान सुरुवातीला न येण्याचा संभव ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे ०.२१६. सरासरीने पाचांत एकदा तरी असे होते!