वजनाचे इंजेक्शन घरी घेताना

इंजेक्शन म्हटले की काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि सुई टोचायला कंपाउंडर यायचा, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आता तेच काम घरोघरी आपल्याच हातांनी होऊ लागले आहे. लठ्ठपणावरचे टिर्झेपटाइड (विक्रीचे नाव मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड (वेगोवी) जून २०२५ मध्ये आपल्या देशात विक्रीस आले. दोन्ही औषधे आठवड्यातून एकदा, स्वतःच टोचून घ्यायची. तसे हे काही अगदी नवे नाही. १९२२ साली इन्सुलिन आले, तेव्हापासून मधुमेही माणसे स्वतःला टोचून घेत आली आहेत. म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र आमच्या मते लोक भितात सुईला, आणि घोटाळा होतो तो मापात, थंडाव्यात आणि वापरलेली सुई टाकण्यात. त्याविषयीच येथे लिहीत आहोत.

प्रथम हे औषध करते काय ते पाहू. आपण जेवलो की आतड्यातून काही संप्रेरके सुटतात. ती मेंदूला सांगतात की पोट भरले. ही औषधे त्यांचीच नक्कल करतात. भूक मंदावते आणि पोट सावकाश रिकामे होते. शरीराला सवय व्हावी म्हणून मात्रा हळूहळू वाढवायची असते. टिर्झेपटाइडची सुरुवात २.५ मिलिग्रॅमने होते. चार आठवड्यांनी डॉक्टर ती ५ मिलिग्रॅम करतात. पहिल्या महिन्यात वजन फारसे उतरले नाही म्हणून घाईने मात्रा वाढवू नये.

हे औषध सर्वांसाठी नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. ९० किलो वजन आणि १.६५ मीटर उंची असेल तर उत्तर ३३ येते. ते ३० किंवा अधिक असेल, अथवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब असा विकार जोडीला असेल, तरच डॉक्टर याचा विचार करतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते घेऊ नये. घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल किंवा स्वतःला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचेच पेन मागून आणणे तर मुळीच नको. सुई नवी लावली तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये, रक्तातून रोग पसरतात.

आता थंडावा. लाळ-खुरकुताची लस बर्फाच्या डब्यातून का आणतात, हे जनावरे पाळणाऱ्यांना सांगायला नको. या औषधाचेही तसेच आहे. ते फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलेले औषध वितळले तरी निकामीच समजावे. फ्रीजबाहेर ते ३० अंशांखाली पत्रकात दिलेले तेवढेच दिवस टिकते. माळव्यातला मे महिना ४० च्या पुढे जातो. तेव्हा इंदूरहून औषध आणताना ते मोटारसायकलच्या डिकीत टाकू नये. बर्फाच्या पिशवीभोवती कापड गुंडाळून, डब्यात घालून आणावे.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे माप. मौंजारोच्या कुपीत एकाच वेळचे औषध असते, अर्धा मिलिलिटर. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीच्या सिरिंजेवर एका मिलिलिटरला ४० रेघा धरलेल्या असतात, तर नारिंगी टोपीच्या सिरिंजेवर १००. म्हणजे अर्धा मिलिलिटर लाल टोपीत २० वर येतो आणि नारिंगीत ५० वर. कोणी "२० पर्यंत भर" म्हणाले आणि हातात नारिंगी असली, तर निम्म्याहून कमी औषध जाईल. म्हणून मिलिलिटरच्या खुणा असलेली १ मिलिलिटरची सिरिंज मागावी आणि पहिल्या वेळी डॉक्टर किंवा नर्स यांच्यासमोर भरून दाखवावी. मौंजारोच्या पेनमध्ये महिन्याचे चार डोस असतात. चौथ्यानंतरही आत थोडे औषध दिसते. तो पाचवा डोस नव्हे, ते पेन टाकून द्यावे.

टोचण्याची रीत अशी. हात साबणाने धुवावेत. औषध स्वच्छ व बिनरंगी आहे ना, मुदत संपली नाही ना, हे पाहावे. गढूळ असेल तर वापरू नये. दर वेळी नवी सुई घ्यावी. बेंबीपासून चार बोटे सोडून पोटावर किंवा मांडीच्या पुढच्या भागावर जागा निवडावी. दंडावर घ्यायचे असेल तर दुसऱ्याने टोचावे. जागा पुसून वाळू द्यावी, कातडीची चिमूट धरून सुई सरळ घालावी आणि औषध सावकाश सोडावे. पेन असेल तर पत्रकात सांगितले तितके आकडे मोजून मगच सुई काढावी. चोळू नये. पुढच्या आठवड्यात जागा बदलावी.

वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. टिर्झेपटाइडचा दिवस चुकला आणि चार दिवसांच्या आत आठवले, तर घ्यावे. त्याहून उशीर झाल्यास तो डोस सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्यावे. दोन डोस एकदम कधीही घेऊ नयेत.

सुरुवातीला मळमळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होते. थोडे थोडे खावे, तळलेले टाळावे. उलट्या होत असताना उन्हात सोयाबीन काढायला किंवा लसूण खणायला जाणे धोक्याचे, अंगातले पाणी आटते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या सोबत चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. उपवासाच्या दिवशी तर विशेष जपावे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे जाऊ लागली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

राहिली वापरलेली सुई. ती उकिरड्यावर टाकली तर खताबरोबर शेतात जाते आणि अनवाणी पायात घुसते. गाईने वैरणीबरोबर तार गिळली की काय होते, हे आपण जाणतोच. सुईही तेच करील. म्हणून जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी घ्यावी, त्यात सुया टाकाव्यात, वर "सुया" असे लिहावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. इंदूर शहरात महापालिकेच्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तेथे ती बरणी सांगून द्यावी. खेड्यातल्यांनी ती जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून द्यावी.

शेवटी एक सांगणे. औषध बंद केले की बहुतेकांचे वजन पुन्हा चढू लागते. शिवाय चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि शेतकऱ्याचे सारे काम त्या स्नायूंवर चालते. ताटात डाळ, अंडी, दूध राहू द्यावे आणि हातापायांचे काम सोडू नये. औषध चिठ्ठीवर, पावती घेऊन, ओळखीच्या दुकानातूनच घ्यावे. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल सर्व देशांना सावध केले होते. बियाणे घेताना पिशवीचे सील आणि लेबल आपण पाहतोच. अंगात जाणारे औषध त्याहून अधिक निरखून घ्यावे.