सुरुंगरोधक वाहने : रचना आणि मर्यादा

थोड्या खर्चात व थोड्या माणसांनिशी मोठ्या दलाची वाट अडविण्याचे सामर्थ्य भूसुरुंगात असते. त्यामुळे एका राष्ट्राने दुसऱ्यास युद्धकाळी द्यावयाच्या साहाय्यात सुरुंगरोधक चिलखती वाहनांस अलीकडे महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. या वाहनांकडून कोणती अपेक्षा धरावी व कोणती धरू नये, हे त्यांच्या रचनेवरूनच स्पष्ट होते.

सपाट तळाच्या मोटारीखाली सुरुंग फुटला असता स्फोटाचा दाब संपूर्ण तळावर एकदम आदळतो. तळ वेगाने वर उचलला जातो आणि आत बसलेल्यांचे पाय व पाठीचा कणा यांना जबर इजा होते. सुरुंगरोधक वाहनाचा तळ नांगराच्या फाळाप्रमाणे खाली निमुळता असतो. त्यामुळे दाबाचा बराच भाग दोन्ही बाजूंस वळविला जातो. तळ जमिनीपासून उंच असल्याने मधल्या अंतरातच दाब क्षीण होतो. वाहनाचे वजन हाही संरक्षणाचाच भाग होय. कारण समान आघाताने दुप्पट वजनाच्या वस्तूस निम्माच वेग मिळतो. आसने तळावर न बसविता भिंतीस किंवा छतास टांगलेली असतात. चाके व आस तुटून गेले तरी चालतील, परंतु माणसांची कोठी अभंग राहिली पाहिजे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय.

ही रचना १९७० नंतरच्या दशकात ऱ्होडेशिया व दक्षिण आफ्रिका येथील युद्धांत विकसित झाली. दक्षिण आफ्रिकेचे 'कॅस्पिर' वाहन पुढे भारतीय सेनेनेही घेतले. पुण्याच्या भारत फोर्ज या कंपनीस भारतीय सेनेकडून २०२१ साली 'कल्याणी एम-४' या संरक्षित वाहनांची सुमारे १७८ कोटी रुपयांची मागणी मिळाली. त्या वाहनाचा आराखडाही मूळचा दक्षिण आफ्रिकेतीलच होय.

महाराष्ट्रास या प्रश्नाचा कटू अनुभव गडचिरोली जिल्ह्यात आला. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेडा येथे माओवाद्यांनी घडविलेल्या स्फोटात १५ पोलीस जवान व वाहनचालक मृत्युमुखी पडले. ते साध्या खासगी वाहनातून जात होते. सुरुंगरोधक वाहन असते तर, असा प्रश्न अशा वेळी स्वाभाविकपणे उपस्थित होतो. परंतु शेजारच्या छत्तीसगडात, तत्कालीन दंतेवाडा जिल्ह्यात, सप्टेंबर २००५ मध्ये सुरुंगरोधक वाहनच उडविण्यात आले होते आणि २० हून अधिक जवान ठार झाले होते. वाहनाची सहनशक्ती ठरलेली असते. जमिनीत पुरावयाच्या स्फोटकांना मात्र तशी मर्यादा नसते. शिवाय असे अवजड वाहन रस्ता सोडून फारसे जाऊ शकत नाही, आणि त्याची वाट शत्रूस आधीच ठाऊक असते. म्हणूनच १९९० साली स्थापन झालेल्या 'सी-६०' दलाच्या कार्यात जंगलातील पायी गस्तीस मोठे महत्त्व राहिले.

युद्धसाहाय्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. नेपाळमधील १९९६ ते २००६ च्या संघर्षकाळात भारताने तेथील सेनेस अशी वाहने पुरविली होती. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये युक्रेनसाठी 'मॅक्सप्रो' जातीची ४० वाहने जाहीर केली; त्यांसोबत सुरुंग पुढेच फोडून टाकणारे रूळही देऊ केले, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय. तरीही २०२३ च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झिया भागातील दाट सुरुंगक्षेत्रांत युक्रेनी सैन्याची आगेकूच रखडली. चिलखती वाहने निकामी झाली, पण त्यांतील अनेक सैनिक जिवंत बाहेर पडले.

यावरून असे दिसते की, सुरुंगरोधक वाहन माणूस वाचविते; वाट मोकळी करीत नाही. वाट मोकळी करण्याचे काम शोधपथकांचे, रुळांचे व रस्ता तपासल्यावाचून न वापरण्याच्या शिस्तीचे असते. केवळ वाहने देऊन ही जोड न दिल्यास ते साहाय्य अपुरेच ठरते, आणि चिलखताच्या भरवशावर न तपासलेल्या रस्त्याने जाण्याचा मोह मात्र वाढतो.