संमोहनाआधी मनात काय असते?

रंगमंचावर जादूगार टिचकी वाजवतो आणि समोरचा माणूस मान टाकतो. बहुतेकांना संमोहन म्हटले की हेच आठवते. जुनाट दुखणे किंवा पोटाच्या तक्रारीसाठी संमोहन उपचार घ्यायला आलेला रुग्णही हेच चित्र डोक्यात घेऊन बसतो. प्रत्यक्षात शुद्ध हरपत नाही, बोलणे ऐकू येत राहते. मग ‘आपल्यावर काही चालले नाही’ असे ठरवून तो उठतो आणि पुन्हा येत नाही.

अपेक्षेचा हा जोर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९५९ मध्ये मांडला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला व्याख्यानात सांगितले गेले, की संमोहित माणसाचा सवयीचा हात ठेवाल तिथेच ताठ राहतो. ही गोष्ट मुद्दाम रचलेली होती. दुसऱ्या गटाला ती सांगितली नाही. पुढे संमोहनाच्या वेळी हाताबद्दल कोणतीही सूचना नसतानाही पहिल्या गटातील अनेकांचा नेमका सवयीचा हात तसाच राहिला.

१९८९ मध्ये विकलेस आणि किर्श यांनी आणखी एक युक्ती केली. ‘सगळे लालसर दिसेल’ ही सूचना देताना त्यांनी लपवलेल्या दिव्याचा मंद लाल प्रकाश सोडला. सूचना खरी झाल्यासारखी वाटली आणि ‘मला हे जमते’ असा विश्वास बसला. नंतरच्या चाचणीत या मंडळींचा प्रतिसाद इतरांपेक्षा चांगला होता.

तरीही सारे काही अपेक्षेवर ठरत नाही. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता स्टॅनफर्ड मोजपट्टीवर बारा चाचण्यांनी मोजतात. पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासलेल्या व्यक्तींचे गुण बऱ्याच अंशी पहिल्यासारखेच आढळले. म्हणजे मुळातली क्षमता माणसागणिक वेगळी असते. अपेक्षा तिला वाव देते किंवा अडवते.

म्हणूनच पहिल्या बैठकीआधीची दहा मिनिटे महत्त्वाची. झोप लागणार नाही, ताबा सुटणार नाही, गुपिते आपोआप बाहेर पडणार नाहीत, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. ‘एका बैठकीत गुण’ असे आश्वासन मात्र देऊ नये; ते फोल ठरले, की पुढचा विश्वासही जातो. आणि दुखण्याचे कारण तपासून घेतल्याशिवाय, किंवा चालू औषधे स्वतःहून बंद करून, संमोहनाकडे वळू नये.