चिठ्ठी वशिल्याची आणि पत्र शिफारशीचं

‘शिफारस’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. आमच्या घरच्या बोलीत तो ‘सिफारिश’ होतो. दोन्हीकडे त्याला वशिल्याचा वास चिकटलेला आहे. म्हणूनच हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची मुलं पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडताना अर्जात ‘दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडा’ असं वाचतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, “मोठ्या माणसाचं पत्र कुठं मिळंल?” मी काही प्राध्यापक नाही. बी.ए. झालेला कवी आहे. पण चार ओळी बऱ्या लिहितो म्हणून ही मुलं कागद घेऊन माझ्याकडे येतात.

त्यांना मी सांगतो, मोठ्या माणसाचं नको, ओळखणाऱ्या माणसाचं पत्र आण.

याचा मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा एक विद्यार्थी त्यांच्या नजरेत भरला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना त्यांच्यापुढे नेलं. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरं दिली आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शिफारशीनं दार उघडलं, उत्तरं मात्र स्वतःची होती. वशिला आणि शिफारस यांत फरक आहे तो इथेच.

दुसरं उदाहरण मद्रासचं. 1911 साली तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांनी श्रीनिवास रामानुजन यांच्यासाठी एक छोटं पत्र लिहिलं. या तरुणाची गणितातली, विशेषतः संख्यांच्या कामातली बुद्धी असामान्य आहे आणि आकडेमोडीत तो फार चपळ आहे, एवढंच त्यात होतं. रामानुजन यांनी पुढे पोर्ट ट्रस्टमधल्या कारकुनीच्या अर्जासोबत ते जोडलं. हिशेबाच्या जागेला जे हवं, नेमकं तेच त्या पत्रात होतं. 1912 साली नोकरी मिळाली, महिना तीस रुपयांची.

आता आपल्याकडच्या पत्रांकडे पाहू. ‘विद्यार्थी हुशार, मेहनती व प्रामाणिक आहे. त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यास भावी आयुष्यासाठी शुभेच्छा.’ नाव बदललं तर हे पत्र कुणालाही चालेल आणि म्हणूनच ते कुणाच्याच कामाचं नाही. वर्तणुकीचा दाखला सांगतो की मुलानं काही वाईट केलं नाही. शिफारसपत्रानं सांगायचं असतं की तो काय करू शकतो. मी त्याला किती वर्षं आणि कशामुळे ओळखतो? त्यानं केलेलं कोणतं काम मी स्वतः पाहिलं? बरोबरीच्या मुलांत तो कुठं बसतो? ज्या अभ्यासक्रमाला तो निघाला, त्याला लागणारा गुण त्याच्यात कुठं दिसला? या चार प्रश्नांची उत्तरं एका पानात मावतात. ‘मेहनती’ या विशेषणापेक्षा ‘प्रयोग तीनदा फसला, तरी चौथ्यांदा मांडला’ हे एक वाक्य जास्त बोलतं.

काही ठिकाणी मुलांना उत्तर मिळतं, “तूच टाइप करून आण, मी सही करतो.” मग झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा मजकूर चिकटवला जातो. यात नुकसान होतं ते घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांचं. शहरातल्या मुलासाठी बोलणारे चारजण असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलीसाठी बोलायला तिचे सरच असतात. तेही गप्प राहिले, तर मुलाखत घेणाऱ्यांपुढे तिचे फक्त गुण पोचतात, ती पोचत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, महिनाभर आधी सरांना भेटा. गुणपत्रिका, केलेल्या कामाची यादी, कुठं आणि कशासाठी अर्ज करताय ते एका कागदावर लिहून द्या. त्यांना आठवायला मदत करा. आणि गुरुजनहो, मुलाला ओळखत नसाल तर सरळ नाही म्हणा. त्याला दुसरं दार ठोठावता येईल. ओळखत असाल, तर वीस मिनिटं काढा. सहीला एक क्षण लागतो, पण वाचणारा विश्वास ठेवतो तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर.