तांबडे मांस व कर्करोग

गाय, बैल, म्हैस, डुक्कर, मेंढी, शेळी, घोडा इ. सस्तन प्राण्यांच्या स्नायूंपासून मिळणाऱ्या मांसाला आहारशास्त्रात तांबडे मांस म्हणतात. असे मांस नियमितपणे खाल्ल्याने कर्करोग होण्याचा संभव वाढतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चर्चेत असून त्यासंबंधीचा बहुतेक पुरावा बृहदांत्र (मोठे आतडे) व गुदांत्र (मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग) यांच्या कर्करोगाविषयीचा आहे. प्रक्रिया करून टिकाऊ केलेले मांस या कर्करोगाला कारणीभूत होते, हे आता बहुतेक तज्ञांना मान्य आहे. ताज्या तांबड्या मांसाविषयी तसा सबळ संशय आहे, पण निश्चिती नाही. दोन्ही बाबतींत व्यक्तीच्या जोखमीत पडणारी भर मात्र मर्यादित आहे. पुराव्याची निश्चितता व धोक्याची तीव्रता या दोन भिन्न बाबी होत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयाभोवती अनेक गैरसमज निर्माण झालेले दिसतात.

मांसाचा तांबडा रंग स्नायूंतील मायोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनामुळे येतो. डुकराचे मांस दिसावयास फिकट असले, तरी त्याची गणना तांबड्या मांसातच करतात. कोंबडी, बदक इ. पक्ष्यांचे मांस व मासे यांचा त्यात समावेश होत नाही. महाराष्ट्रात ‘मटण’ या नावाने जे विकले जाते ते बहुधा बोकडाचे किंवा मेंढीचे असते व ते तांबडे मांसच होय. मीठ लावून, मुरवून, आंबवून, धुरी देऊन किंवा नायट्राइटासारखी परिरक्षक द्रव्ये घालून टिकाऊ व रुचकर केलेल्या मांसाला प्रक्रियित मांस म्हणतात. हॅम, बेकन, सलामी, सॉसेज हे त्याचे परिचित प्रकार आहेत. डुकराच्या मांसाला मीठ, शिर्का (व्हिनेगर) व मिरची लावून ते वाळवून केलेले गोव्यातील चोरिसही याच वर्गात पडते. केवळ यंत्रातून बारीक केला म्हणून ताजा खिमा मात्र प्रक्रियित ठरत नाही.

मांस व कर्करोग यांच्या संबंधाचा प्रायोगिक शोध ई. एम. पी. विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञांपासून सुरू झाला, असे म्हणता येईल. भाजलेल्या घोड्याच्या मांसाचा अर्क उंदरांच्या त्वचेवर वारंवार लावल्यास त्यांना स्तनांचा कर्करोग होतो, असे त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडे पुढे बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते निरनिराळ्या देशांतील रोगप्रमाणाच्या तुलनेने. १९७५ मध्ये ब्रूस आर्मस्ट्राँग व रिचर्ड डॉल यांनी अनेक देशांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा ज्या देशांत दरडोई मांसाचा खप अधिक तेथे बृहदांत्राचा कर्करोगही अधिक, असे स्पष्टपणे दिसून आले. जपानमध्ये त्या काळी हा रोग विरळ होता; परंतु हवाई बेटांत जाऊन स्थायिक झालेल्या जपानी लोकांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. वंश तोच असताना रोग वाढला, त्याअर्थी कारण आनुवंशिकतेपेक्षा राहणीत शोधले पाहिजे, हे त्यावरून उघड झाले. मात्र ते कारण मांसच होय, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ज्या देशांत मांस अधिक खपते तेथे मोटारगाड्या, साखर आणि मद्य यांचाही खप अधिक असतो. तंतुमय अन्न कमी खाल्ले जाते व अंगमेहनतही कमी होते. डेनिस बर्किट यांनी तर आफ्रिकेतील अनुभवावरून १९७१ मध्ये तंतूंच्या अभावावरच भर दिला होता.

यानंतरच्या काळात मोठ्या समूहांतील निरोगी माणसांच्या आहाराची आधी नोंद करून व त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून रोग कोणाला होतो हे पाहण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ८८,७५१ परिचारिकांच्या अशा पाहणीत (१९९०) गाय, डुक्कर किंवा मेंढी यांचे मांस रोज मुख्य पदार्थ म्हणून खाणाऱ्या स्त्रियांत बृहदांत्राच्या कर्करोगाचे प्रमाण महिन्यातून एकदाही ते न खाणाऱ्या स्त्रियांच्या सु. अडीच पट आढळले. त्या वेळी एकूण रुग्ण केवळ १५० होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. रुग्णसंख्या वाढत गेली तसतसे हे गुणोत्तर खाली आले. यूरोपातील दहा देशांत मिळून झालेल्या ४,७८,०४० व्यक्तींच्या पाहणीत (२००५) १,३२९ रुग्ण मिळाले. दररोज १६० ग्रॅ. पेक्षा अधिक तांबडे व प्रक्रियित मांस खाणाऱ्यांत रोगाचा संभव २० ग्रॅ. पेक्षा कमी खाणाऱ्यांच्या १·३५ पट दिसून आला. ग्रेट ब्रिटनमधील सु. पावणेपाच लाख लोकांच्या पाहणीतही (२०१९) दिवसाला सरासरी ७६ ग्रॅ. खाणाऱ्यांत तो २१ ग्रॅ. खाणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी अधिक होता. परिणाम लहान, पण पुनःपुन्हा त्याच दिशेने दिसणारा, असे या पुराव्याचे स्वरूप आहे.

शाकाहारी समूहांच्या निरीक्षणांतून मात्र अपेक्षेइतके स्वच्छ उत्तर मिळालेले नाही. उत्तर अमेरिकेतील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात अनेक जण शाकाहारी आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यातील शाकाहारी लोकांत बृहदांत्र-गुदांत्र कर्करोगाचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु मासे खाणाऱ्या, इतर मांस न खाणाऱ्या गटात ते ४३ टक्क्यांनी कमी होते. ब्रिटनमधील शाकाहारी लोकांच्या ऑक्सफर्ड येथून झालेल्या पाहणीत (२००९) तर या रोगापुरता शाकाहाराचा लाभ दिसलाच नाही. मंगोलियात मांसाचा खप मोठा असूनही हा कर्करोग कमी आढळतो. नोबेल पारितोषिक विजेते हारल्ट त्सुर हाउझेन यांनी याच विसंगतीवरून २०१२ मध्ये असे सुचविले की, दोष मांसमात्राचा नसून यूरोपीय वंशाच्या गुरांतील एखाद्या विषाणूसदृश घटकाचा असावा. हे गृहीतक अद्याप सिद्ध झालेले नाही.

मांसातील कोणता घटक अपाय करतो, याविषयी निरनिराळ्या दिशांनी संशोधन झाले आहे. १९५६ मध्ये पी. एन. मॅगी व जे. एम. बार्न्स यांनी डायमिथिल नायट्रोसामाइन या संयुगाने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे दाखविले, तेव्हापासून नायट्रोसो संयुगांकडे लक्ष गेले. मांसाला लावलेल्या नायट्राइटापासून ही संयुगे बनू शकतात. नायट्राइट सरसकट वगळणेही सोपे नाही. मांसाचा गुलाबी रंग त्यामुळे टिकतो हे खरे. पण बोट्युलिझम ही प्राणघातक अन्नविषबाधा करणाऱ्या सूक्ष्मजंतूंची वाढही त्यामुळेच रोखली जाते. यूरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची कमाल मर्यादा खाली आणली.

नायट्राइट न लावलेल्या ताज्या मांसातही धोका संभवतो, याचे स्पष्टीकरण केंब्रिजच्या शीला बिंगम व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांतून मिळाले. १९९६ मधील प्रयोगात त्यांनी आठ पुरुषांना आपल्या देखरेखीखाली ठेवून त्यांच्या आहारातील तांबडे मांस दिवसाला ६० ग्रॅ. वरून ६०० ग्रॅ. पर्यंत वाढविले. तेव्हा मलातील नायट्रोसो संयुगे जवळजवळ तिप्पट झाली. म्हणजे ही संयुगे आतड्यातच तयार होत होती. पांढऱ्या मांसाने असे झाले नाही. पुढे २००३ मध्ये असे दिसून आले की, मायोग्लोबिनातील हीम हा लोहयुक्त भाग याला कारण आहे. साध्या लोहक्षाराने किंवा वनस्पतिज प्रथिनाने हा परिणाम होत नाही. दिवसाला ६०० ग्रॅ. मांस क्वचितच कोणी खात असेल, तेव्हा या प्रयोगाने यंत्रणा दाखविली, धोक्याचे मोजमाप नव्हे. प्राण्यांवरील प्रयोगांत हीममुळे होणारा आतड्याच्या अस्तराचा क्षोभ कॅल्शियम दिल्यास कमी होतो. २०२१ मध्ये सु. ९०० रुग्णांच्या अर्बुदांतील (गाठींतील) डीएनए तपासला असता, अशा संयुगांमुळे होणाऱ्या उत्परिवर्तनांचा (आनुवंशिक द्रव्यातील बदलांचा) विशिष्ट ठसा पूर्वी तांबडे मांस अधिक खाणाऱ्यांत जास्त आढळला. मांस आणि रोग यांमधील साखळीतील हा एक महत्त्वाचा दुवा होय.

दुसरी दिशा स्वयंपाकाची. जपानमधील ताकाशी सुगिमुरा यांनी १९७७ च्या सुमारास भाजलेल्या मासळीच्या व मांसाच्या करपलेल्या भागात उत्परिवर्तन घडविणारी द्रव्ये असल्याचे दाखविले. विषमवलयी अमाइने या नावाने ओळखली जाणारी ही संयुगे साधारणपणे १५०° से. च्या वर, म्हणजे तव्यावर परतताना किंवा निखाऱ्यावर भाजताना तयार होतात. निखाऱ्यावर चरबी ठिबकून उठणाऱ्या धुराबरोबर आणखी काही कर्ककारक हायड्रोकार्बने मांसावर बसतात. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाचे तापमान १००° से. च्या फारसे वर जात नसल्यामुळे रश्शात ही द्रव्ये अत्यल्प असतात. मात्र ती कोंबडी व मासे भाजतानाही बनतात. म्हणून केवळ तांबड्या मांसाच्या धोक्याचा उलगडा त्यांच्यावरून होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लीआँ (फ्रान्स) येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा देशांतील २२ तज्ञांची बैठक घेऊन आठशेहून अधिक अभ्यासांचा परामर्श घेतला. प्रक्रियित मांसाला तिने पहिल्या गटात (मानवात निश्चितपणे कर्ककारक), तर तांबड्या मांसाला ‘२ अ’ गटात (बहुधा कर्ककारक) घातले. रोज ५० ग्रॅ. प्रक्रियित मांसामागे बृहदांत्र-गुदांत्र कर्करोगाचा संभव १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज होता. तांबड्या मांसाबाबत, संबंध कार्यकारणाचा मानल्यास, रोज १०० ग्रॅ. मागे ही वाढ १७ टक्के येते. तांबड्या मांसाचा स्वादुपिंड व पुरःस्थ ग्रंथी यांच्या आणि प्रक्रियित मांसाचा जठराच्या कर्करोगाशी संबंध असल्याची चिन्हेही तिला दिसली, पण ती दुबळी होती.

पहिल्या गटात तंबाखू, मद्य आणि २००३ पासून सुपारीही आहे. त्यामुळे हॅम खाणे हे धूम्रपानाइतकेच घातक, असा अर्थ वृत्तपत्रांतून काढला गेला. तो सर्वस्वी चूक आहे. गट ठरतो तो पुरावा किती पक्का यावर. पदार्थ किती घातक यावर नव्हे. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा संभव दहा पटींहूनही अधिक वाढतो. जगात दरवर्षी होणाऱ्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सु. ३४,००० प्रक्रियित मांसाच्या अतिसेवनामुळे, सु. ६ लक्ष मद्यामुळे व सु. १० लक्ष तंबाखूमुळे होतात, असे अंदाज त्या वेळी संघटनेने उद्धृत केले होते. टक्केवारी ऐकणाऱ्याने ती कशाची, हेही विचारले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या यूरोपीय पाहणीनुसार पन्नाशीच्या माणसाला पुढील दहा वर्षांत हा कर्करोग होण्याचा संभव कमीत कमी मांस खाणाऱ्यांत १·२८ टक्के, तर जास्तीत जास्त खाणाऱ्यांत १·७१ टक्के होता. म्हणजे हजारी सु. १३ ऐवजी १७. एका व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक लहान आहे. कोट्यवधी लोकांच्या देशाला तो उपेक्षणीय नाही.

हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. १४ सदस्यांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ मध्ये असे मत दिले की, पुरावा कमी प्रतीचा असल्याने प्रौढांनी मांसाचे सध्याचे प्रमाण चालू ठेवण्यास हरकत नाही. तीन सदस्यांचे मत वेगळे होते. या शिफारशीवर कडक टीका झाली आणि प्रमुख लेखकाने आपले एक अनुदान जाहीर केले नव्हते, अशी दुरुस्तीही नियतकालिकाला छापावी लागली. तथापि मंडळाचा मूळ आक्षेप त्यामुळे निकालात निघत नाही. माणसांना यदृच्छेने दोन गटांत विभागून एकाला वीस वर्षे मांस व दुसऱ्याला ते नाही, असा प्रयोग कोणी केलेला नाही व तो शक्यही नाही. त्याच्या जवळपास जाणारा ४८,८३५ अमेरिकन स्त्रियांवरील प्रयोग (२००६) आहारातील चरबी कमी करून भाजी व धान्य वाढविण्याचा होता, सु. आठ वर्षांत त्याने हा कर्करोग घटला नाही. तंबाखूच्या बाबतीतही माणसांवर असा प्रयोग झालेला नाही, पण तेथील परिणाम इतका प्रचंड आहे की, निरीक्षण पुरते. येथे परिणाम लहान असल्याने निरीक्षणातील बारीकसारीक चुकाही महत्त्वाच्या ठरतात. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये मध्यम मार्ग सुचविला : शिजविलेले तांबडे मांस आठवड्यास ३५० ते ५०० ग्रॅ. पेक्षा अधिक नको, व प्रक्रियित मांस शक्य तितके कमी.

भारतात बृहदांत्र-गुदांत्र कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. मुंबईतील कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ही गोष्ट नोंदली गेली आहे. त्याचे श्रेय शाकाहाराला देण्याचा मोह होतो. परंतु बहुसंख्य भारतीय शाकाहारी नाहीत. ते मांस थोडे व क्वचित खातात एवढेच. वरील मर्यादा येथील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचीच आहे. उलट २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि जे हीम आतड्याच्या बाबतीत संशयास्पद ठरले आहे त्यातील लोह शरीरात सर्वांत सहज शोषले जाते. म्हणून पाश्चात्त्य देशांतील ‘मांस कमी करा’ हा उपदेश, आठवड्यातून एकदा वाटीभर मटणाचा रस्सा खाणाऱ्या घराला जशाच्या तसा लागू करणे योग्य नाही. शहरांतील सुखवस्तू वर्गाच्या न्याहारीत सॉसेज व सलामी यांचा शिरकाव झाला आहे; तेथे मात्र तो विचारात घ्यावा लागेल.