रिकामी शाळा

सुट्टी लागली की शाळेला कुलूप लागते. बाकांवर धूळ बसते. हे आपण सगळेच पाहतो. पण एका शिक्षकाने रिकाम्या शाळेकडे निराळ्या नजरेने पाहिले आणि त्यातून केवढे तरी काम उभे राहिले. त्यांचे नाव रिचर्ड शिरमान. ते जर्मनीचे. त्यांची हकिकत आम्ही येथे सांगत आहोत.

शिरमान १८७४ साली जन्मले. वडील शिक्षक होते, मुलगाही शिक्षक झाला. आधी कोळशाच्या खाणींच्या एका गावी नोकरी केली. मग १९०३ साली ते आल्टेना गावी आले. हे तारेच्या कारखान्यांचे गाव. कामगारांच्या पोरांना मोकळी हवा कुठून मिळणार? म्हणून गुरुजी मुलांना घेऊन रानात जात. झाड, ओढा, दगड दाखवीत धडा शिकवीत. पुढे ते कित्येक दिवसांच्या पायी सहली काढू लागले.

अडचण एकच. रात्री झोपायचे कुठे? मुक्कामाच्या खोलीला पैसे पडतात, आणि ही तर गरिबांची पोरं!

२६ ऑगस्ट १९०९. अशाच एका सहलीत वादळाने गाठले. विजा, पाऊस, भिजलेली मुले. ब्रोल नदीच्या खोऱ्यात एक शाळा होती. सुट्टीमुळे ती रिकामीच होती. तिथल्या शिक्षकाने दोन वर्ग उघडून दिले. एका शेतकऱ्याने अंथरायला पेंढा दिला, प्यायला दूध दिले. मुले झोपी गेली. बाहेर रात्रभर वादळ चालले होते. गुरुजींना मात्र झोप येईना. त्यांच्या मनात आले, अशा शाळा तर गावोगाव आहेत! सुट्टीत त्या मुलांना उघडून दिल्या तर? एका दिवसाच्या चालीवर एक, असे मुक्काम का होऊ नयेत?

पेंढ्यावरची झोप पुष्कळांनी अनुभवली असेल. पण तिच्यातून योजना काढणारा हा एकच, असे आम्हांला वाटते.

त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. आपल्याच शाळेत मुलांची झोपायची सोय केली. पुढे आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह झाले. विल्हेल्म म्युंकर नावाचे कारखानदार मदतीला आले. त्यांनी कारभाराची बाजू सांभाळली. आपली जागा आपणच झाडायची, आपले अंथरूण आपणच घालायचे, म्हणून खर्च थोडा. घर सांभाळणाऱ्या जोडप्याला मुले वसतिगृहाचे आईबाप म्हणत.

मग पहिले महायुद्ध आले. शिरमान सैन्यात गेले. १९१५ च्या नाताळात त्यांच्या आघाडीवर जर्मन आणि फ्रेंच शिपायांनी आपणहून गोळीबार थांबवला. एकमेकांच्या खंदकात गेले. इकडून पाव, तिकडून दारू, अशी देवघेव झाली. वरिष्ठांनी ते लवकरच बंद पाडले. पण शिरमान विचार करू लागले, की निरनिराळ्या देशांच्या तरुणांना भेटायला जागा असती तर?

युद्ध संपल्यावर, १९१९ साली, त्यांनी सबंध देशासाठी संस्था स्थापन केली. १९३२ साली ॲमस्टरडॅमला अनेक देशांच्या संस्था एकत्र आल्या. शिरमान त्यांचे पहिले अध्यक्ष झाले.

पण पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. वसतिगृहे त्याच्या तरुण संघटनेने घेतली. सर्वांना दार उघडे असावे म्हणून जी घरे उभारली, तीच अशी हातची गेली! १९३६ साली त्यांना अध्यक्षपदही सोडायला लावले.

दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा शिरमान सत्तरीच्या पुढे होते. तरी पुन्हा कामाला लागले. मोडलेली संस्था उभी करायला त्यांनी हात लावला. १९६१ साली ते वारले. तोवर ही चळवळ कितीतरी देशांत पसरली होती. आपल्या देशातही यूथ हॉस्टेल्सची संस्था आहे.

आल्टेनाच्या किल्ल्यातल्या त्या पहिल्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. त्या लाकडी खाटा लोक आजही पाहायला जातात.