परदेशी निघालेल्या रुग्णाची शिदोरी

आमचे आजोबा विमानतळावरील कस्टमला अखेरपर्यंत ‘करोडगिरी’च म्हणत. निजामाच्या राजवटीत जकात वसूल करणाऱ्या खात्याचे ते नाव. आज मराठवाड्यात तो शब्द थोड्याच वृद्धांच्या तोंडी उरला असला, तरी परदेशी निघालेल्या माणसाच्या मनातील धास्ती मात्र तीच आहे. नांदेड-लातूरची मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी स्थिरावली. त्यांच्यामागून सुट्टीला, नातवंडे पाहायला किंवा लेकीच्या बाळंतपणाला आईवडील निघतात. निघण्यापूर्वी ते आपल्याकडे येतात आणि विचारतात, “डॉक्टरसाहेब, तिकडं काय काय न्यावं?”

या प्रश्नाचे उत्तर आपण वैद्य किती गांभीर्याने देतो? प्रस्तुत लेखाचे निमित्त आमच्याच हातून झालेली एक चूक आहे.

सन २०२३ मध्ये लातूर जिल्ह्यातील एक भगिनी लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला निघाल्या. त्यांच्या आमवातावर आमची चिकित्सा वर्षभर चालू होती व उतारही चांगला होता. आम्ही तीन महिन्यांच्या चूर्णाच्या पुड्या नेहमीच्या पद्धतीने बांधून दिल्या: कागदी पुडी, वर ‘सकाळ’, ‘रात्र’ एवढीच अक्षरे. त्यांनी घरची पाच किलो तूरडाळ, हळीव आणि बाळगुटीची मुळ्या-फळेही बांधून घेतली. तिकडच्या प्रवेशपत्रकावर त्यांनी, लेकीने बजावल्याप्रमाणे, खाद्यपदार्थ व वनौषधी जवळ असल्याचे प्रामाणिकपणे नोंदविले. तपासणीत चहा-बिस्किटे परत मिळाली. डाळ, हळीव व बाळगुटी काढून घेतली गेली. नंतर अधिकाऱ्याने पुड्या उचलून विचारले, “हे काय आहे?” त्या बाईंना सांगता येईना. सांगणार तरी कशा? आम्ही त्यांना घटकद्रव्ये कधी सांगितलीच नव्हती. पुड्या नष्ट करण्यात आल्या. सर्व काही आधीच घोषित केलेले असल्याने दंड झाला नाही. परंतु चिकित्सा खंडित झाली आणि ऐन बाळंतपणाच्या धावपळीत त्यांचे सांधे पुन्हा सुजले. हा दोष ना त्या अधिकाऱ्याचा, ना त्या माउलीचा. तो आमचा होता.

हे निर्बंध आपल्या अन्नाच्या द्वेषातून आलेले नाहीत, हे प्रथम समजून घ्यावे. लातूरच्या आडत बाजारात खापरा भुंगेरा कोणाला माहीत नाही? भारतीय उपखंडातील हा कीटक उडत नाही, परंतु त्याची अळी फटीत दडून अन्नावाचून दीर्घकाळ तग धरते आणि साठवलेल्या धान्याचा भुगा करते. या एका किड्याच्या भयाने ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, गहू, शेंगदाणे, जिरे, धने, बडीशेप, वाळलेल्या मिरच्या इत्यादी आणण्यास मनाई केली. कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून बंद केलेल्या पदार्थांचा विचार तेवढा निराळा होतो. अमेरिकेनेही २०११ पासून आपल्याकडील तांदूळ प्रवाशाच्या सामानातून आणू देणे थांबविले आहे. ज्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचाही डबा मेलबर्नच्या दारात अडेल. डाळ तीच, शंका किड्याची.

इतर देशांचे आक्षेप निराळे आहेत. युरोपीय संघ प्रवाशाच्या सामानातून दुग्धजन्य पदार्थ येऊ देत नाही. म्हणजे घरचे तूप गेले आणि त्याबरोबर आपली सिद्ध घृतेही गेली. न्यूझीलंडमध्ये मध निषिद्ध आहे. मधयुक्त अवलेह तेथे तपासणीस येणारच हे धरून चालावे. धोक्याचा पदार्थ घोषित न केल्यास तेथे जागेवरच ४०० डॉलर दंड होतो. अमेरिकेत ताज्या कढीपत्त्याला मज्जाव आहे, कारण लिंबूवर्गीय फळबागांचा रोग पसरविणारी कीड त्यावर वाढते. सर्वांत घातक आपली साधी खसखस! संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते, आणि तेथे दंडावर भागत नाही. डिंकाच्या लाडवात, अनारशावर आणि घरोघरच्या मसाल्यात खसखस असते, हे आखातात निघालेल्या रुग्णाला आपणच सांगितले पाहिजे. विमानाच्या सुरक्षेचे नियम आणखी वेगळे: सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते, म्हणून वाट्या सामानात घालू नयेत.

औषधांबाबत तर आपली जबाबदारी थेट आहे. सन २००४ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर आपल्या शासनाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश काढून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी आवश्यक केली. रसौषधींच्या शास्त्रीयतेवर आपला विश्वास असला तरी परक्या विमानतळावर ती चर्चा करण्याची वेळ रुग्णावर आणू नये. भांगयुक्त कल्प, उदाहरणार्थ जातिफलादी चूर्ण, प्रवासात देऊच नयेत. कुष्ठ ही वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी, कुटकी, सर्पगंधा व रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ही द्रव्ये आपल्या नित्य वापरातील असल्याने विशेष सावध राहावे.

मग रुग्णाने रिकाम्या हाताने जावे काय? मुळीच नाही. आहाराच्या विचारात चरकाचार्यांनी देश आणि उपयोक्ता यांना स्थान दिले आहे. साठ वर्षे ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या कोठ्याला एका रात्रीत परके अन्न सोसत नाही. परंतु त्याच संहितेत पादांशिक क्रमही सांगितला आहे: अभ्यस्त ते पावापावाने सोडावे, नवे ते पावापावाने घ्यावे. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की शिदोरी सहा महिन्यांची नको, संक्रमणाच्या काळापुरती हवी. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत थोडे घरचे, थोडे तिकडचे. पुढे तिकडच्या भारतीय दुकानातील डाळ-तांदूळ व स्थानिक ताज्या भाज्या. तेथे रीतसर आयात झालेली तूरडाळ मिळत असता पाच किलोंचे ओझे वाहणे ही माया खरी. त्याला पथ्य म्हणता येणार नाही.

त्या घटनेनंतर आम्ही आमच्या चिकित्सालयात पुढील शिस्त लावून घेतली आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी दुकानदारांनी तिचा विचार करावा, ही विनंती.

१. परदेशी जाणाऱ्या रुग्णास सुटी पुडी देऊ नये. परवानाधारक उत्पादकाचे, घटकद्रव्ये छापलेले मूळ सीलबंद औषधच द्यावे. शक्यतो गोळ्यांच्या रूपात.

२. व्यवस्थापत्र इंग्रजीत, नोंदणी क्रमांकासह लिहावे. त्यात व्याधी, मात्रा, कालावधी आणि प्रत्येक द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव असावे. दुकानदाराने बिलावर औषधाचे पूर्ण नाव लिहावे.

३. प्रमाण स्वतःपुरते, जास्तीत जास्त तीन महिन्यांचे ठेवावे. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे सामान्यतः हीच मर्यादा मानली जाते. शेजाऱ्याच्या मुलासाठी दिलेली बाटली बरोबर घेऊ नये.

४. त्या देशाचे ताजे नियम तेथील शासनाच्या संकेतस्थळावर पाहण्यास मुलांना सांगावे. नियम बदलत असतात.

५. जे जवळ असेल ते घोषित करावे. घोषित वस्तू फार तर जाते. लपविलेली वस्तू दंड आणि कधी प्रवेशबंदीही ओढवते.

त्या भगिनी गेल्या वर्षी पुन्हा मेलबर्नला गेल्या. या वेळी दोन सीलबंद डब्या, एक व्यवस्थापत्र आणि हलकी पिशवी एवढेच सामान होते. अधिकाऱ्याने कागद वाचला, डब्या पाहिल्या आणि परत दिल्या. परतल्यावर त्यांनी आम्हाला सांगितले, “या वेळेला मला बोलावंच लागलं नाही, कागदच बोलला.” रुग्ण आपल्या दारातून बाहेर पडल्यावरही वैद्याची चिकित्सा त्याच्याबरोबर प्रवास करते. ती नाव-गाव नसलेली असू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.